तीस मोजेपर्यंत

१

दुसऱ्याच्या घरात शिरायचं, भिंती मोजायच्या, खोट काढायची अन् चहा पिऊन निघायचं, हे माह्यं काम. बावीस वर्षं झाली. रायपूरच्या सदर बाजारात एका सराफाच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. कोणी घरासाठी लोन मागतलं की बँक आमच्या साहेबाले कळवते अन् साहेब मले पाठवते. घर किती बाय किती, किती जुनं, कुठं तडा, कुठं ओल, सारं मी फॉर्मात भरतो. सही साहेबाची, पायपीट माही. लोक पंख्याखाली बसवतात, "भैया, जरा देख लेना" म्हणतात. मी कोणाचं देखत नाही. गुलाबराव ओल लपवत नाही, असं माह्यं नाव आहे, अन् त्या नावाचा मले लय माज होता, हे आधीच सांगून टाकतो.

माह्या झोळीत टेप राहते, लेझर राहते अन् ओल मोजायची मशीन राहते. मशीन हातात मावेल एवढी आहे, तोंडाशी दोन पिना. पिना भिंतीले टेकवल्या की आकडा येते अन् दिवा लागते. बाराच्या खाली हिरवा, विसाच्या वर लाल. बस, एवढंच तिले समजते.

यंदा मार्चात बीरगांवचं एक घर आलं. घरमालकीण ज्ञानदाबाई. नवरा उरला भागातल्या कारखान्यातून रिटायर झाला, दोघंही पोराकडं नागपूरले चालले होते, म्हणून घर विकून राहिले होते. मी फाटक उघडलं अन् तिथंच थबकलो. हे घर मी पाहलं होतं. कामासाठी नाही, घ्यायसाठी. चौदा वर्षांआधी मी अन् माही बायको अपर्णा इथं आलो होतो. तेव्हा घर कोरं होतं, चुन्याचा वास येत होता. आम्ही ते घेतलं नाही. ओल निघाली म्हणून.

"भाऊ, या घरात एकच खोट आहे," ज्ञानदाबाई म्हणाल्या. "लपवून काय करू? तुम्ही तसंही पकडानच."

त्यांनी मले किचनमध्ये नेलं. ओट्याच्या बाजूच्या भिंतीवर, माह्या खांद्याच्या उंचीवर, एक ओला डाग होता.

"घरात आलो त्या दिवसापासून आहे. दोनदा प्लास्टर फोडलं. मागं ना नळ, ना मोरी. तिकडून दिवसभर ऊन लागते. पोपडा येत नाही, बुरशी येत नाही, नुसता ओला राहते. आता तर आम्हाले सवय झाली."

मी पिना टेकवल्या. लाल. मग चष्मा पुसला अन् जवळून पाहलं. डागाले पाच बोटं होती. करंगळी बाहेरच्या अंगानं वाकलेली होती.

ज्ञानदाबाईंनी चहा आणला. मी घेतला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

२

अपर्णाची करंगळी लहानपणी दाराच्या फटीत सापडली होती. तेव्हापासून ती वाकडी. लग्नात तिच्या मावशीनं मले बाजूले घेऊन सांगतलं होतं, जवाई, एवढी एकच खोट आहे पोरीत.

आम्ही भनपुरीले किरायानं राहत होतो. ट्रकवाल्यांच्या गॅरेजमागं दोन खोल्या. रस्त्याकडची खोली ठीक होती, कोरडी खणखणीत. मागची खोली शेजाऱ्याच्या मोरीले लागून होती. तिची भिंत बारा महिने ओली राहे. पावसाळ्यात तर गादीचं टोक पिळावं लागे. अन् स्वयंपाक, झोपणं, पायलचा अभ्यास, सारं त्याच खोलीत, कारण पुढची खोली आल्यागेल्यासाठी. आजची गोष्ट उद्यावर, उद्याची परवावर, असं करत सोळा वर्षं गेली. दुसऱ्यांची ओल शोधणारा माणूस घरी येऊन ओल्या भिंतीले पाठ लावून जेवत होता.

रविवारी आम्ही घर पाहायले जाऊ. अपर्णा जांभळं पातळ नेसे, पाण्याची बाटली घेई. मी लेझर काढून खोल्या मोजो. ती तिकडं किचनमध्ये बाटलीतलं पाणी हातावर घेई, पंजा भिंतीवर दाबून धरे, मग काढून घेई अन् तो ठसा कसा सुकते ते मोजत उभी राही. एक, दोन, तीन. तीसच्या आत ठसा गेला तर भिंत चांगली. हे तिले तिच्या आजीनं शिकवलं होतं, मातीच्या घराचं शास्त्र.

"तुम्हीही लावा ना हात," ती म्हणे.

"माह्याजवळ मशीन आहे," मी म्हणो.

मग मी मशीन लावो. अन् ती माह्या तोंडाकडं पाहे. "काय म्हणता मग?"

"पाहू," मी म्हणो.

पाहू म्हणजे नाही, हे तिले दुसऱ्या-तिसऱ्या घरापासूनच समजलं असेल. तरी दर वेळी तेवढ्याच आशेनं विचारे. एकदा म्हणाली, "माह्या हाताले तर कोरडी लागली. पण मशीन कशी खोटं बोलन?" असं करत अकरा घरं पाहली. अकराही नाही झाली.

मग तिले खोकला लागला. दोन छोटे अन् एक लांब, असा तिचा खोकला होता, ऐकूनच माणूस ओळखावा असा. डॉक्टरनं ओलीचं विचारलं, "घर में सीलन है क्या?" अपर्णा माह्याकडं पाहू लागली. मी म्हटलं, "थोडीशी." मशीन माह्या झोळीत होती तेव्हा, मांडीवर.

तीन वर्षांआधी जानेवारीत ती गेली. त्या मागच्या खोलीतच.

३

बीरगांवहून आलो तर दोन दिवस मले काही गोड लागेना. डोक्यात मी कारणं मांडत होतो. विटेत मीठ असन. वाळू खारी असन. अन् पाच बोटांचं काय, माणसाले ढगातही हत्ती दिसते. चौदा वर्षांआधीचा हात भिंतीवर ओला कसा राहन? मी शिकलेला माणूस आहे, बाबासाहेबांच्या घरातला, भूतखेत आमच्यात नाही.

तरी जुनी डायरी काढली. अकराही घरांचे पत्ते त्यात होते.

टाटीबंधच्या घरी गेलो. रिव्हिजिट आहे म्हणून ठोकून दिलं. किचनच्या भिंतीवर घरच्यांनी कॅलेंडर लावलं होतं. कॅलेंडर खालून पार गळालं होतं. "हर साल यहीं का कैलेंडर सड़ता है," घरवाली म्हणाली. तिनं ते उचललं. मी पाहलं अन् थँक यू म्हणून निघालो.

तिसरं घर बंद होतं. लोक गावाले गेले होते, बाजूच्यानं सांगतलं. दुपारचे दोन वाजले असतील. मी मागच्या अंगानं किचनच्या खिडकीपाशी गेलो अन् काचेले कपाळ टेकवलं. समोरच्या भिंतीवर सरळ ऊन पडलं होतं. असं ऊन की भांडं ठेवलं तर तापावं. अन् त्या उन्हाच्या मधोमध ठसा होता, चकचकीत ओला. आत्ताच कोणी हात काढून घेतल्यासारखा.

मी पाहतच राहलो. मग आतून आवाज आला. दोन छोटे, एक लांब.

घराले बाहेरून कुलूप होतं. मी ते दोनदा ओढून पाहलं. मग गाडीले किक मारली, अन् अर्ध्या रस्त्यात लक्षात आलं की हेल्मेट तिथंच राहिलं. आणायले नाही गेलो. बाकीची घरंही नाही पाहली.

४

पायल माही एकुलती पोट्टी. सव्वीस वर्षांची, सरकारी शाळेत शिकवते. मराठी सारं समजते, बोलते मात्र हिंदी. मम्मी गेल्यावर तिनं एकच गोष्ट धरली. घर. पगार जमवला, कागद जमवले, अन् एप्रिलात एक दिवस म्हणाली, "बाबा, मम्मी का घर मिल गया."

सड्डूकडचं घर. दोन खोल्या, किचन, मागं एक लहानशी कोठी. मालक दुसऱ्या गावी राहत होता, किल्ली त्यानं पायलजवळच दिली होती. किचनची खिडकी पूर्वेले. पायलनं मले हाताले धरून सारं दाखवलं, जसं शाळेतल्या पोरांले दाखवते तसं. मम्मीचा फोटो इथं, बाबासाहेबांचा तिथं, तुमचा पलंग खिडकीजवळ. मग किचनच्या भिंतीवर थाप मारून म्हणाली, "मम्मी होती तो यहीं हाथ लगाती, है ना?"

मी मशीन काढली अन् तिथंच टेकवली.

लाल लागली.

पायलचा चेहरा असा उतरला की काय सांगू. "इतनी गर्मी में सीलन?"

"मशीन आहे बेटा," म्हटलं. "पाहू."

"पाहू, पाहू!" ती ओरडलीच. "मम्मी को भी पूरी ज़िंदगी यही बोला आपने." मग डोळे पुसून हळू आवाजात म्हणाली, "मैंने अर्ज़ी दे दी है. बुधवार को बैंक का आदमी आएगा. वो बोले सीलन है, तो नहीं लेंगे. मगर फिर मैं दूसरा नहीं ढूँढूँगी बाबा. मुझसे नहीं होगा."

तिचं खरं होतं. मालकाकडं दुसरं गिऱ्हाईक बसलं होतं. रिपोर्टात ओल आली की बँक नाही म्हणणार, अन् घर हातचं जाणार.

५

आपल्याच पोरीचं घर आपल्या ऑफिसले मोजता येत नाही. म्हणून दुसऱ्या ऑफिसचा सुशील आला. हुशार पोट्टा, मले काका म्हणते, काम माह्याकडूनच पाहून शिकला. पायल शाळेत होती. किल्ली घेऊन मी गेलो.

दार उघडलं तर बंद घराची गरम हवा तोंडावर आली. बाहेर बेचाळीस असन. सुशीलनं पुढच्या खोल्या मोजल्या, फोटो घेतले, "मस्त घर आहे काका" म्हणत किचनमध्ये गेला. मी बाहेरच थांबलो.

"काका," त्यानं आतून आवाज दिला. "आत कोणी आहे काय?"

"कोणी नाही. काहून?"

"मग हे काय?"

मी आत गेलो. जिथं मी मशीन टेकवली होती, बरोब्बर तिथं पंजा होता. ओला, ताजा. तळहाताच्या खालून एक थेंब निघून भिंतीवरून उतरत होता, अन् आमच्या डोळ्यांसमोर ओट्यापर्यंत आला. करंगळी बाहेरच्या अंगानं.

अपर्णा या घरात कधी आलीच नव्हती. तिच्या जाण्यानंतर हे घर पायलले सापडलं. बाकी अकरा घरांत तिनं हात तरी लावला होता. इथं कोणी लावला?

सुशीलनं मशीन टेकवली. लाल. बाजूले एक बोटभर सरकवली. हिरवा, आठ. परत ठशावर, लाल. तो हसायचा प्रयत्न करत होता. "पाइप असन काका, आतून."

"इकडं पाइप नाही."

तेवढ्यात मागच्या कोठीतून खोकला आला. दोन छोटे, एक लांब. सुशील उडालाच. "अबे, कोण आहे रे?" म्हणत तो गेला अन् दार ढकललं. मी मागं होतो, मले त्याची पाठ दिसत होती. ती पाठ थोडा वेळ हललीच नाही.

"रिकामी आहे," तो म्हणाला. पण तो उलट्या पावलानं बाहेर आला अन् दार त्यानं लावून घेतलं. मी विचारलं, काय पाहलं? "काही नाही काका. ओलसर वास आहे तिथं. गादी भिजल्यासारखा."

बाहेर येऊन त्यानं पाणी प्यायलं. मग खाली पाहत म्हणाला, "मले लिहा लागन काका. तुम्हीच शिकवलं, ओल लपवायची नाही. तुमच्यासाठी उद्या दुपारपर्यंत थांबतो. उद्या येऊन परत पाहतो. सुकला असन तर बरंच आहे."

६

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी एकटा गेलो. रात्रभर विचार करून एक गोष्ट ठरवली होती. भेव तर असं वाटत होतं की कुलूप उघडताना किल्ली दोनदा पडली. पण बायकोचंच भेव वाटावं, याची लाजही तेवढीच वाटत होती. पंचवीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं, तिचा हात पाहून मी पळालो होतो.

ठसा होता. कोठीतून खोकला चालू होता, अधूनमधून, जुन्या घरी चाले तसाच. मी कोठीकडं पाहलं नाही.

"अपर्णा," म्हटलं, "मी आलो."

खोकला थांबला.

मी बाटलीतलं पाणी हातावर घेतलं. तिच्यासंग अकरा घरं पाहली, कधी हात लावला नव्हता. आज लावला. तिच्या ठशावरच पंजा ठेवला अन् दाबला.

भिंत गार होती. अन् ती भिंत लागत नव्हती. माह्या तळहाताले दुसरा तळहात लागत होता. बोटाले बोट. करंगळीपाशी जराशी पोकळी, जशी तिचा हात धरला की राहे. मले रडू आलं. एवढ्या दिवसांनी तिचा हात! मी म्हटलं, "हव. घेऊ हे घर. हव म्हणतो मी."

हात काढायले गेलो तर निघेना.

आधी वाटलं, घामानं चिकटला. मग ओढला. मग भिंतीले पाय लावून ओढला. बोटं बोटांत गुंतली होती, अन् पकड घट्ट होत होती. "हव म्हटलं ना!" मी ओरडलो. "घेऊन राहिलो ना आता! अजून काय पाहिजे?"

कोठीचं दार वाजलं. थोडंसं, जेवढं हवेनं वाजते. हवा नव्हती.

"बाबा?"

पायल दारात उभी होती. शाळेतून थेट आली होती, खांद्याले पिशवी. "क्या कर रहे हो? किससे बात कर रहे हो?"

तिचे डोळे अपर्णाचे आहेत. ती माह्या तोंडाकडं पाहत होती, उत्तराची वाट पाहत, अगदी तसंच. अन् मले उमगलं, माह्याकडून काय पाहिजे ते. नुसतं हव नको होतं, खरं काय ते पाहिजे होतं.

"पायल," म्हटलं, "झोळीतून मशीन काढ. तिच्या पिनांवर तुझा अंगठा ठेव."

तिले काही समजलं नाही, पण तिनं ठेवला. लाल लागली.

"माणसाच्या आंगाले टेकवली की लालच लागते ती," मी म्हटलं. "अंगात पाणी राहते ना. मी तसंच करत होतो. भिंतीले लावताना अंगठा पिनांवर सरकवत होतो. त्या दिवशी इथंही सरकवला. ही भिंत आठ होती पायल. बीरगांवची नऊ होती. टाटीबंधची आठ. अकराच्या अकरा घरं कोरडी होती. तुझ्या मम्मीचा हात बरोबर होता. मी तिले खोटं सांगतलं. दर वेळी."

"क्यों?"

एवढंच विचारलं तिनं. काय सांगू? पैसा नव्हता असंही नाही, भागलं असतं. "भेव वाटे," म्हटलं. "हजारो घरांची खोट पाहली मी. मले कोणत्याच भिंतीचा भरोसा राहिला नव्हता. दुसऱ्याच्या घराले चांगलं म्हणणं सोपं आहे, मी तिथं राहत नाही. आपलं घर घेतलं अन् मी चुकलो तर? म्हणून मशीनवर ढकललं. ती बिचारी मशीनले खरं समजली. अन् त्या ओल्या खोलीत... त्या खोलीत मीच तिले..."

अन् हात सुटला.

एकदम नाही. एकएक बोट सैल झालं, करंगळी सर्वात शेवटी. मी हात मागं घेतला तेव्हा भिंतीत, प्लास्टरच्या रंगाचीच, पाच नखं दिसली. आत जात होती. पाण्यात वस्तू खाली जाते तशी, हळूहळू. करंगळीचं नख जरा बाजूले. मग नुसती भिंत. पायलनं ते नाही पाहलं. ती माह्याकडं पाहत होती.

मी मोजलं. बावीसवर दोन्ही ठसे सुकले, तिचाही अन् माहाही.

"आठ," पायल म्हणाली. "मीटर में आठ था. और मम्मी सोलह साल उस गीले कमरे में रही." ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मशीन तिनं ओट्यावर ठेवली अन् बाहेर जाऊन उन्हात उभी राहली.

एक वाजता सुशील आला. मशीन जिथं लावली तिथं हिरवा. फॉर्मात लिहिताना तो आनंदानं मोठ्यानं वाचत होता, "ओल, आढळली नाही." त्या तीन शब्दांसाठी लोक माह्या पाया पडले आहेत. मले वाटलं, त्याचा पेन हिसकून घ्यावा. माह्या अपर्णाचं जे काही या जगात उरलं होतं, ते नाही म्हणून त्यानं लिहून टाकलं होतं.

संध्याकाळी ज्ञानदाबाईंचा फोन आला. "भाऊ, चमत्कार झाला! डाग गेला. दुपारी भाजी चिरून राहिली होती, पाहता पाहता गेला." मग जरा थांबून म्हणाल्या, "वेडेपणा आहे, पण करमत नाही हो किचनमध्ये आता."

७

पायलनं जूनमध्ये घर घेतलं. भंतेजी आले, वंदना झाली, खीर झाली. फोटो तिनं म्हटले तिथं लावले. खिडकीजवळ पलंगही ठेवला. मी पाहुण्यासारखा गेलो अन् पाहुण्यासारखा परत आलो, भनपुरीले. तिनं राहा म्हटलं नाही, मीही विचारलं नाही.

रोज सकाळी मी पिशवी भरतो. दोन पँटा, चष्म्याचं घर, अपर्णाचं जांभळं पातळ. दुपारी रिकामी करतो. दुपारी मागच्या खोलीत बसून त्या ओल्या भिंतीवर बोटं शोधतो. एवढी ओल आहे तिथं, पण नुसती ओल आहे. तिच्यात कोणी नाही.

आजचा रविवार. बारा वाजता पायल आली. दोन महिन्यांनी. तिनं माठातलं पाणी घेतलं, ग्लास विसळला, प्यायली. मग रस्त्याकडच्या खोलीत आली अन् भिंतीले हात टेकवून उभी राहली. ही पुढची भिंत, कोरडी खणखणीत. एवढ्या वर्षांत या भिंतीनं कधी ओल धरली नाही.

"गुस्सा है मुझे," ती म्हणाली. "रहेगा. मगर आप यहाँ अकेले..." मग माह्या तोंडाकडं पाहत, आयुष्यात पहिल्यांदा माह्याशी मराठीत बोलली. "चला घरी. काय म्हणता मग?"

पिशवी माह्या पायाशीच होती, भरलेली. माह्या साऱ्या जिवाले जायचं होतं. एवढं कधीच कुठं जावंसं वाटलं नव्हतं. पण जिभेवर भेव बसलं होतं, जुनंच. त्या कोरड्या घरात राहणं मले झेपन काय? अन् पुन्हा मी चुकलो तर?

"मले इथंच बरं वाटते बेटा," मी खोटंच म्हटलं. "तिकडं जीव लागत नाही माहा. पाहू."

पायलनं मान हलवली अन् हात काढून घेतला. भिंतीवर ठसा उमटला होता, पाच बोटांचा. करंगळी सरळ.

ग्लास विसळला होता ना, हात ओला असन. मी मनात मोजू लागलो. एक, दोन, तीन. ती चप्पल घालू लागली. दहा, अकरा. तिनं दारापाशी जाऊन ओढणी सारखी केली. ठशाचं एकही बोट आखूड झालं नव्हतं. वीस. एकवीस.

दारात ती खोकली. दोन छोटे, एक लांब.

"क्या गिन रहे हो बाबा?"

"काही नाही," म्हटलं.

एकोणतीस. तीस. एकतीस.